गाळ्यावर बसण्याआधी

परवान्याचा अर्ज भरतोयस ना? मग गाळ्याची पाटी नंतर रंगव, आधी ठेवीचं समजून घे. १९६३ च्या पणन कायद्याखाली बाजार समिती अडत्याला परवाना देते, पण तारण घेऊनच. रोख अनामत किंवा बँक गॅरंटी. रक्कम समितीच्या कचेरीत जाऊन विचार. शेजारच्या गाळेवाल्याचा आकडा त्याच्या वेळचा असतो.

रोख भरलीस तर पैसा अडकतो, पण डोक्याला ताप नाही. गॅरंटी घेतलीस तर बँक एफडी अडकवून ठेवते, वर कमिशन घेते. ती एफडी फिरत्या भांडवलातून करू नकोस, हंगामात हात आखडेल. मसुदा शांतपणे वाच. समितीने मागितलं की बँकेने द्यायचं, असंच त्यात लिहिलेलं असतं. तुझं म्हणणं ऐकायला कोणी थांबत नाही. आणि मुदत परवान्याच्या आधी संपणार नाही एवढं बघ.

आता मुख्य मुद्दा. समज, तुझी ठेव पाच लाखांची. कांद्याच्या ट्रकमध्ये शंभर क्विंटल माल, भाव पंधराशे. एक ट्रक म्हणजे दीड लाख. दिवसाला तीन ट्रक उतरवलेस की साडेचार लाख झाले, दुसऱ्या दिवशी नऊ. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकती करायची, हा नियम आहे. खरेदीदार मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. दोन दिवस पट्ट्या थकल्या की ठेव अपुरी पडली! समितीला हे कळायला वेळ लागतो, तुला रोज संध्याकाळी कळतं. म्हणून वहीच्या डाव्या पानावर देणं आणि उजव्या पानावर उधारी मांड, आणि देणं ठेवीच्या निम्म्यावर गेलं की नवी गाडी घेऊ नकोस. गाडी परत गेली तर शेतकरी चार शब्द बोलेल, बोलू दे.

उधारीवाल्यांतही निवड कर. गोड बोलणारा आणि भाव न घासणारा गिऱ्हाईक मला तरी कधी आवडला नाही. द्यायचेच नसतील तर घासाघीस कशाला करेल?

फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची असते. कांदा-बटाटाही त्यातच आला. ‘पूर्वीपासून कापतात’ म्हणून दिवाणजीने शेतकऱ्याच्या पट्टीत ती घातली, तर तक्रार तुझ्या परवान्यावर येईल. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिही.

गॅरंटीचा कागद आला की सही करण्याआधी मला दाखव. चष्मा लावून बसतो.