इंटरनेट वापरायलाही शिकवावे लागते?

प्रश्न : माझी मुलगी इंडोनेशियन भाषेच्या वर्गाला जाते. तिच्या बाई तासातला बराच वेळ ‘इंटरनेटवर कसे शोधायचे’ हे शिकवण्यात घालवतात. ही मुले आपल्यालाच मोबाइल शिकवतात. मग त्यांना हे शिकवायची गरज काय?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. इंडोनेशियन रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे टाइप करण्याची अडचण नाही आणि फुकट साहित्यही भरपूर आहे. तरीही मुले अडतात. दोष मोबाइलचा नाही. या भाषेत काय शोधायचे हेच आधी ओळखावे लागते.

इंडोनेशियनमध्ये मूळ शब्दाला पुढून-मागून प्रत्यय जोडतात आणि त्यात कधी कधी मूळ शब्दाचे पहिले अक्षरच गळते. ‘किरिम’ म्हणजे पाठवणे. ‘मे’ हा उपसर्ग लागला की त्याचे ‘मेंगिरिम’ होते, ‘क’ गेला. ‘तुलिस’, म्हणजे लिहिणे, याचे ‘मेनुलिस’ होते, ‘त’ गेला. छापील कोशात हे शब्द मुळाखाली, म्हणजे ‘क’ आणि ‘त’मध्ये सापडतात. ऑनलाइन कोश ‘मेंगिरिम’ ओळखतो; पण बातमीतले ‘दिकिरिमन्या’ जसेच्या तसे टाकले तर हात हलवत परत यावे लागते. पुढचा ‘दि’ आणि मागचा ‘न्या’ सोलून काढला, की ‘किरिम’ हाती लागतो.

‘बेरुआंग’ घ्या. त्याचा सरळ अर्थ अस्वल. पण ‘उआंग’ म्हणजे पैसा, म्हणून ‘बेर-उआंग’ म्हणजे पैसेवाला. शिवाय ‘रुआंग’ म्हणजे खोली. ‘बेर’ लागताना एक ‘र’ गळतो आणि तयार होतो तोच शब्द, अर्थ मात्र ‘खोल्या असलेले’. कोश तिन्ही अर्थ देईल. वाक्यात घरमालक आहे की जंगल, हे विद्यार्थ्यानेच पाहायचे. म्हणून आधी कागदावर शब्द फोडायचा आणि मगच कोश उघडायचा, ही सवय लावणाऱ्या बाई मला फार मोलाच्या वाटतात.

‘मग अनुवादयंत्र आहेच की!’ असे बरेच जण म्हणतात. यंत्र वाईट नाही, पण आपण बहुधा इंडोनेशियन-इंग्रजी हीच जोडी वापरतो आणि घोटाळा तिथे होतो. इंडोनेशियनमध्ये ‘कामी’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. मराठी मुलाला हा फरक आईच्या दुधातून मिळालेला असतो. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिथून फिरून आले की आयता मिळालेला फरक हरवतो. उलट ‘दिया’ या एकाच शब्दात तो आणि ती दोन्ही येतात. तिथे यंत्र अंदाजाने एक निवडते. म्हणून यंत्राचे उत्तर मूळ वाक्याशेजारी ठेवून तपासायला शिकवावे लागते.

शिवाय शोधात सापडलेले पान कोणाचे, तेही ओळखावे लागते. मलेशियाची मलय भाषा इतकी जवळची आहे, की शोधताना ती पानेही मिसळून येतात. ‘पर्चुमा’ म्हणजे मलेशियात फुकट, इंडोनेशियात व्यर्थ! १९७२पूर्वीच्या पुस्तकांत शुद्धलेखन वेगळे. ‘च’साठी तेव्हा ‘टीजे’ लिहीत, आता नुसता ‘सी’. ‘ज’साठी ‘डीजे’ लिहीत, आता नुसता ‘जे’. जुना मजकूर हवा असेल, तर जुन्या स्पेलिंगनेही शोधावे लागते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. व्हिडिओंतली बोली ऐकून मुले बिघडतात, असे काही पालकांना वाटते. जकार्तातले तरुण ‘साया’ऐवजी ‘गुए’ म्हणतात, ‘तिदाक’ऐवजी ‘गाक’. ती चुकीची भाषा नव्हे, मित्रांमधली आहे. ती कानावर पडलीच पाहिजे, नाहीतर तिथे गेल्यावर दोन मित्रांचे बोलणे कळणार नाही. फक्त नोकरीच्या अर्जात ‘गुए’ लिहायचे नाही, एवढे समजले पाहिजे. त्यासाठी ‘कोम्पास’ या दैनिकातली बातमी आणि त्याच विषयावरचा एखादा गप्पांचा व्हिडिओ शेजारी-शेजारी ठेवून शिकवणे उत्तम.

मुलीने सुरुवात कुठून करावी, असे विचाराल, तर इंडोनेशियाच्या सरकारी भाषासंस्थेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेली ‘साहाबात्कू इंडोनेशिया’ ही पाठ्यपुस्तकमाला आधी पाहावी. ‘कामुस बेसार बहासा इंडोनेशिया’ हा १९८८ साली प्रथम निघालेला बृहत्कोशही त्याच संस्थेचा. तो इंटरनेटवर विनामूल्य आहे. मात्र त्यातले अर्थ इंडोनेशियनमध्येच दिले आहेत, त्यामुळे पहिले काही महिने सोबतीला इंडोनेशियन-इंग्रजी कोश लागेल.