निरोगी यकृत ओळखता येतं का?

न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या करिअरचं नाव काढलं की पालक आधी रेडिएशनचं विचारतात, मग मुलीच्या लग्नाचं. दोन्हींकडे येऊच, आधी काम काय असतं ते पाहू.

यकृताच्या स्पेक्ट स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम जोडलेला सल्फर कोलॉइड शिरेतून देतात. यकृतातल्या कुप्फर पेशी त्याचे कण गिळतात; थोडा भाग प्लीहा आणि अस्थिमज्जेत जातो. गॅमा कॅमेरा रुग्णाभोवती फिरतो, संगणक स्लाइस तयार करतो. उजव्या लोबच्या खालच्या कडेला काळा खड्डा दिसला की नवशिका रेसिडेंट गाठ लिहून मोकळा होतो. ती असते पित्ताशयाची जागा! मूत्रपिंडाचा दाब, यकृतात रक्तवाहिन्या शिरतात ती खाच, पातळ म्हणून फिकट दिसणारा डावा लोब, श्वासामुळे पुसट झालेली वरची कड, हे सगळं निरोगी माणसात दिसतं. प्लीहा यकृतापेक्षा बरीच उजळ दिसली आणि मज्जाही उठून दिसू लागली, तर मात्र थांबायचं; हे यकृत निरोगी नसावं.

सोनोग्राफी आणि सीटी आल्यापासून हा स्कॅन क्वचितच होतो, हे खरं. पण नजर वाया जात नाही. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) पेट स्कॅनमध्ये गाठ कितपत सक्रिय आहे हे सांगणारा डोव्हिल स्कोअर देताना गाठीची चमक रुग्णाच्याच यकृताशी ताडून पाहतात. यकृत नीट वाचता आलं नाही, तर स्कोअरच चुकतो.

रिपोर्टवर सही डॉक्टरचीच. त्यासाठी एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन एमडी किंवा डीएनबी करावं लागतं. डॉक्टर व्हायचं नसेल तर बीएस्सीनंतर टेक्नॉलॉजिस्टचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात आहे.

आता रेडिएशन. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मिळालेला डोस छातीवरच्या टीएलडी बॅजवरून मोजला जातो. इंजेक्शन देणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला डोस जास्त मिळतो, वेगळ्या खोलीत स्क्रीनपुढे बसणाऱ्याला फारच कमी. गरोदरपणात विभागाला लगेच कळवायचं, म्हणजे ड्युटी बदलून मिळते. लग्न मोडायला हे कारण पुरणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पेटसाठीच्या एफडीजी या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धआयुष्य ११० मिनिटं, म्हणजे ते तयार करायला लागणारा सायक्लोट्रॉन काही तासांच्या अंतरावर हवा. कॅमेरा महाग, परवानग्या कडक. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना थाटायचं मनात असेल, तर ही शाखा घेऊ नका.