गाडी रिकामी होण्याआधी

अगं, तळेगावच्या घरापुढे बाग करायची ठरवलीस हे ऐकून इतकं बरं वाटलं! कुठली झाडं लावू, असं तू विचारलंस. झाडांचं आपण निवांत बोलू. झाड नाही मानवलं तर काढून दुसरं लावता येतं. माती मात्र एकदा पसरली की पसरली. ती परत उचलून न्यायला कोणी तयार होत नाही आणि झालाच तर आणायला लागले त्याहून जास्त पैसे मागतो. म्हणून आज माती, मुरूम, खडी, फरशी आणि खत, एवढ्याबद्दलच बोलते.

कुणालाही फोन करण्याआधी टेप घेऊन अंगणात जा. आपल्याकडे हा सगळा माल ब्रासवर विकला जातो आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही फुटांत घ्यायची, गुणायची आणि 100 ने भागायचं. घोटाळा होतो तो जाडीत, कारण ती आपण इंचात बोलतो. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, तीन इंच म्हणजे पाव फूट. लॉन 20 बाय 15 फूट धरलंस आणि सहा इंचांचा थर, तर झाले 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. पण मोकळी माती दोन पाण्यांत खाली बसते, साधारण पाचवा हिस्सा तरी. म्हणून हिशेब दोन ब्रासचा धर. त्यात दोन भाग माती आणि एक भाग शेणखत.

फाटकापासून दारापर्यंतची वाट 30 फूट लांब, चार फूट रुंद असेल ना? तिच्याखाली दाबून सहा इंच मुरूम हवा. धुमस केल्यावर मुरूमही बसतो, म्हणून 60 घनफुटांच्या जागी पाऊण ब्रास मागव. त्यावर दीड इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), म्हणजे 15 घनफूट. एवढ्याशा मालासाठी वेगळी गाडी बोलावू नकोस, गोण्यांत घे. सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफुटाच्या आसपास माल मावतो, तेव्हा बारा गोण्यांत काम होतं.

आता भावाचं. भाव विचारताना पहिला प्रश्न हाच, की भाव ब्रासचा आहे की गाडीचा? ‘एक गाडी माती’ याला काहीच अर्थ नाही. छोटा हत्ती टेम्पो पण गाडीच आणि डंपर पण गाडीच. भाडं धरून का, उतरवून देणार का, फाटकाबाहेर टाकली तर आत नेण्याची मजुरी कोणाची, हेही आधीच बोलून घे आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागव. ‘ताई, साहेबांशी बोलतो’ असं कोणी म्हणालं, तर स्पष्ट सांग की माप मी घेतलंय, पैसे मी देणार आहे, माझ्याशीच बोला. एकदा घनफूट, ब्रास हे शब्द तुझ्या तोंडून ऐकले की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय. पूर्ण पैसे आधी देऊ नकोस. थोडी उचल दे, बाकीचे माल बघून.

आणि माल येईल तेव्हा तू घरी असायलाच हवंस. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून नीट ऐक. ट्रॅक्टरची ट्रॉली फाटकाशी येते, ड्रायव्हरला पुढच्या खेपेची घाई असते, ‘टाकू का, ताई?’ म्हणत त्याचा हात लिव्हरवर गेलेलाही असतो. तिथेच थांबव. आधी ट्रॉलीचं आतलं माप घे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि माल दीड फूट उंच असेल, तर ते 90 घनफूट झाले, ब्रासला दहा कमी. उंची एकाच कोपऱ्यात मोजू नकोस. कडेला माल चढवलेला आणि मधे खड्डा असं असू शकतं, म्हणून मधेही गज खुपसून बघ. क्रश सँड कधी ट्रॉलीने घ्यावी लागली, तर ती ओलसर आहे का तेही बघ. ओलसर वाळू फुगते, तेवढ्याच वजनाची वाळू जास्त जागा व्यापते आणि मापात तुझं नुकसान होतं.

माप झालं की माती बघ. वरची नको, हात कोपरापर्यंत खुपसून आतली काढ. प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा, चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसल्या, तर तो बांधकामाचा राडारोडा आहे. तसल्या मातीत झाडं पिवळी पडतात. बारीक, काळसर, सुपारीपेक्षा लहान गाठी आणि त्यांना दोऱ्यासारखी मुळं दिसली, तर गाडी सरळ परत पाठव. ती लव्हाळ्याची गाठ. एक गाठ राहिली तरी ती जमिनीखाली साखळी धरत जाते आणि वरून कितीही उपटलं तरी खालून पुन्हा उगवते. लॉनमध्ये लव्हाळा शिरला की वर्षानुवर्षं खुरपं हातातून सुटत नाही.

खरं तर गाडी येण्याआधीच नमुना मागवावा. किलोभर माती पुरे. तिच्यातली थोडी काचेच्या बरणीत अर्ध्याला कमी भर, वर पाणी घाल, झाकण लावून चांगली हलव आणि ओट्यावर ठेवून दे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर काही तासांत गाळाचा थर येतो. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. तिचाच थर निम्म्याहून जाड दिसला, तर ती माती पावसात चिखल होणार आणि उन्हाळ्यात भेगाळणार. आपल्या काळ्या मातीचा स्वभावच तो, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यात क्रश सँड आणि भरपूर खत मिसळावं लागतं. त्यापेक्षा पोयट्याची माती मिळाली तर ती घे.

शेणखताच्या बाबतीत भावाकडे बघूच नकोस. अर्धवट कुजलेलं खत स्वस्त मिळतं, पण ते मातीत गेल्यावर तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि त्यातून हुमणी येते. मुळं खाणारी ती पांढरी वळलेली अळी एकदा पाहिलीस की विसरणार नाहीस. चांगलं खत हातात घेतलं की भुसभुशीत लागतं, शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो. ढिगात हात घालून बघ. आत गरम लागलं तर ते तयार नाही.

दगडाचं माझं मत अगदी पक्कं आहे. जवळचा दगड घे. जांभा सुंदर दिसतो, पण तो कोकणातून घाट चढून येणार, तेव्हा दगडापेक्षा भाड्याचंच ओझं होईल. आपल्या भागात काळ्या दगडाच्या खाणी आहेत, त्याच्या खडीला आणि घडीव फरशीला कशाची तोड नाही. शहाबादी वापरलीस तर ती ॲसिडने कधी धुवू नकोस. तो चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं. पेव्हर ब्लॉक घेणार असशील, तर चालायच्या वाटेला आणि घरच्या गाडीला 60 मिलिमीटर जाडीचे पुरतात. अवजड गाड्या येणार असतील तरच 80 चे. मोजून आलेल्या क्षेत्रफळाच्या वर पाच ते दहा टक्के जास्त घे आणि सगळे एकाच लॉटचे. उरतील ते मागच्या भिंतीशी रचून ठेव. उद्या चेंबर उघडावं लागलं आणि दोन-चार फुटले, तर नव्या लॉटचा रंग जुळत नाही.

ढीग कुठे टाकायचा ते आधी ठरवून ठेव. एक ब्रास मुरूम चार टनांच्या आसपास भरतो, तेव्हा सेप्टिक टँकवर किंवा ड्रेनेजच्या झाकणावर ना ढीग, ना गाडी. डंपरचा हौदा उचलला जातो तेव्हा वरच्या विजेच्या तारा बघ. खडीखाली जुनी ताडपत्री अंथर, नाहीतर शेवटची खडी मातीतून वेचत बसावं लागतं. आणि हो, गच्चीत बाग करायचं मनात आलं, तर हे मातीचं गणित तिथे लावू नकोस. एक फूट ओली माती दर चौरस मीटरला अर्ध्या टनाहून जास्त भार टाकते. स्लॅबचं गणित केलेल्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक पाटीसुद्धा वर नेऊ नकोस.

मुरूम, वाळू, माती यांची सरकारकडे रॉयल्टी भरावी लागते आणि वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर असावा लागतो. तो दाखवायला सांग. लाजायचं काहीच कारण नाही. नदीतली वाळू तर मागवूच नकोस. आपल्या कामाला क्रश सँड पुरते आणि इंद्रायणीचं पात्र तेवढंच वाचतं.

क्रम असा ठेव. आधी वाटेखालून पाण्याचा पाइप आणि दिव्याच्या वायरीचा पाइप टाकून घे, मग मुरूम, मग फरशी आणि भिंतीकडेची खडी. माती त्यानंतर, नाहीतर हातगाड्या आणि मजुरांच्या पायांनी ती दगडासारखी घट्ट होते. माती भिंतीला लावून चढवू नकोस. जोत्याच्या किमान सहा इंच खाली ठेव आणि उतार घरापासून बाहेर दे. नाहीतर पुढच्या श्रावणात बैठकीच्या भिंतीला ओल येईल.

हे सगळं मेअखेरपर्यंत उरकायला हवं. मृग लागला की गाड्या चिखलात रुततात, ओल्या मातीचं माप लागत नाही आणि कोणी वेळ पाळत नाही. आत्ता मार्च आहे, हाताशी पुरेसा वेळ आहे. या रविवारी मापं काढून मला फोटो पाठव, ब्रासचा हिशेब मी ताडून बघते. पुरवठादाराला फोन त्यानंतर कर.