सिंगापूरचा मरीना बंधारा

सिंगापूर हे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३७ किलोमीटरांवर वसलेले बेट होय. तेथे वर्षाकाठी सरासरी २,४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व तो बाराही महिने पडतो. असे असूनही १९६३-६४ साली तेथील लोकांना सुमारे दहा महिने ठरावीक वेळीच पाणी मिळत असे. कारण उघड आहे. बेट लहान, मोठी नदी नाही, नैसर्गिक सरोवर नाही. पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. विपुल पाऊस म्हणजे विपुल पाणी नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर प्रथम बिंबवावे.

शेजारच्या जोहोर राज्यातून नळाने पाणी आणण्याचा १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे. तथापि स्वतःच्या भूमीवरील पाणी अडविणे सिंगापूरला अगत्याचे वाटले. अंतर्भागात जलाशय झालेच होते. पुढे शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी मुखाशीच अडविण्याची योजना हाती घेण्यात आली.

परंतु त्या नद्यांत तेव्हा शहराची घाण वाहत होती. म्हणून १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे केवळ स्वच्छतेस दिली गेली. काठची वराहपालन केंद्रे हलविली, रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना नळ व गटारे असलेल्या मंडया दिल्या, वस्त्यांचे पुनर्वसन केले. बंधारा पुरा झाला तो २००८ साली.

हा बंधारा सुमारे ३५० मीटर लांब असून त्यास नऊ दरवाजे आहेत. कोकणातील खारभूमीच्या बांधास उघाडी असते. ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडावे, भरतीचे खारे पाणी आत येऊ देऊ नये, हे तिचे कार्य. येथेही तत्त्व तेच. मोठा पाऊस भरतीच्या वेळी आला, तर सात पंप आतील जादा पाणी समुद्रात टाकतात. त्यामुळे सखल भागात पूर येत नाही. आतील खारे पाणी पावसाने हळूहळू निघून जाऊन २०१० पर्यंत जलाशय गोडा झाला. या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र सुमारे १०,००० हेक्टर, म्हणजे देशाचा जवळजवळ सहावा भाग आहे. तेथील रस्त्यांवर व छपरांवर पडणारे पाणी अखेर येथेच येते व शुद्धीकरणानंतर नळास जाते.

जलाशयाचे पाणी त्याच्या पाणलोटाइतकेच स्वच्छ राहते, हा या पाठाचा मुख्य बोध होय. तो प्रत्यक्ष दाखविता येतो. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना गावच्या तळ्याकाठी अथवा विहिरीपाशी न्यावे व पाणी कोणकोणत्या वाटांनी येते ते पाहावयास सांगावे. त्या वाटांचा नकाशा काढवून घ्यावा आणि त्यांवरील उकिरडे, गोठे व धुण्याच्या जागा त्यात दाखवावयास लावाव्यात. नंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. भरपूर पाऊस असूनही सिंगापूरला पाणी का अपुरे पडले?
२. बंधाऱ्यापूर्वी नद्या स्वच्छ का कराव्या लागल्या?
३. आपल्या नकाशातील कोणती जागा प्रथम हलवावी? का?