डोंगरी सायकल आणि आपल्या अंगाचे माप



नातवाची बार-मित्झवा जवळ आली की घरोघरी एक प्रश्न निघतो : मुलाला भेट काय द्यावी? आजकाल बहुतेक मुलांचे उत्तर ठरलेले असते. त्यांना सायकल हवी असते, आणि तीही साधी नको. जाड टायरांची, पुष्कळ गिअरांची, रानावनात चालणारी, जिला येथे ‘ओफने शेताख’ म्हणतात ती. आजी-आजोबा पेन्शनीतून पैसे बाजूला टाकतात, दुकानात जातात, रंग पाहतात, गिअर मोजतात, किमतीवर घासाघीस करतात आणि शेवटी दुकानदाराला सांगतात, “थोडी मोठीच द्या, पोर वाढत्या अंगाचे आहे.”

सगळा घोटाळा येथेच होतो. सदरा मोठा झाला तर बाही दुमडता येते, पण सायकलची फ्रेम दुमडता येत नाही. मोठ्या फ्रेमवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि बोटे ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. सपाट रस्त्यावर ते कसेबसे निभावते. बेन शेमेनच्या रानातील उतारावर, चाकाखाली खडे घसरत असताना, ते निभावत नाही. आमच्या परिचयातील एका मुलाचे गळ्याजवळचे हाड अशाच सायकलने मोडले. ब्रेक लावून तो थांबला, पाय खाली सोडला, आणि पायाखाली जमीनच आली नाही. म्हणून या अंकात आपण सायकलचे माप कसे घ्यावे हा पाठ घेऊ. एक मेजपट्टी, एक जाड पुस्तक व पेन्सिल एवढे साहित्य पुरे.

१. आकडा कशाचा?

आपल्यापैकी जे हिंदुस्थानात वाढले त्यांना ‘बावीस इंची’ व ‘चोवीस इंची’ हे शब्द चांगले आठवत असतील. तो आकडा फ्रेमचा असे, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. चाके दोन्ही सायकलींना अठ्ठावीस इंचीच असत. घरातील एकच सायकल वडील, काका व आपण असे सगळे चालवीत असू. ज्याचा पाय पुरत नसे तो मधल्या दांडीखालून पाय घालून वाकडा होऊन पायडल मारी. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर तेही चालून गेले, कारण वेग बेताचा होता आणि पडलो तरी बाजूला भाताची खाचरे होती.

आज दुकानात शिरल्यावर २६, साडेसत्तावीस व २९ असे आकडे ऐकू येतात. हे आकडे चाकांचे आहेत, फ्रेमचे नाहीत. फ्रेमचे माप निराळे असून ते १५, १७, १९ असे इंचांत किंवा स्मॉल, मीडियम, लार्ज अशा शब्दांत देतात. मोठ्या माणसाच्या एकाच जातीच्या सायकलीत तिन्ही फ्रेमांना एकोणतीसचीच चाके असू शकतात. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा : “हा आकडा चाकाचा की फ्रेमचा?”

२. डोंगरी सायकलची दांडी खाली का?

ही सायकल अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातली. तेथील मरीन परगण्यात टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे. १९७०नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन त्याच्या कच्च्या वाटांवरून खाली सुटत. जुन्या फ्रेमा मोडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. टॉम रिची व गॅरी फिशर हे त्याच मंडळींपैकी. १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ ही सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि हा प्रकार जगभर पसरला.

डांबरी रस्त्यावर थांबताना दोन्ही पायांखाली जमीन सारखी असते. रानात तसे नसते. एक पाय दगडावर पडतो, दुसरा खड्ड्यात जातो, आणि माणूस सीटवरून घसरून एकदम दांडीवर येतो. तेथे काय लागते हे पुरुषवाचकांना सांगायला नको, आणि स्त्रियांनाही ती इजा काही कमी नसते. म्हणून रस्त्याच्या सायकलवर उभे राहिल्यावर अंग व दांडी यांत एक इंच जागा पुरते, तर डोंगरी सायकलवर निदान दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, हवी. त्याहून अधिक असली तर उत्तम. यासाठी दांडी मागे उतरती करतात आणि फ्रेम लहान घेतात. जो गृहस्थ साध्या सायकलीत २२ इंची चालवी त्याला डोंगरी सायकल तीन-चार इंच कमी मापाची लागते. “मी तर बाविसावर बसत असे, मला एकोणीस कसली देता?” असे म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये.

३. माप घेण्याची रीत

पुष्कळ जण फक्त उंची सांगतात. ती अपुरी आहे. शिंपी विजारीसाठी मांडीच्या आतून पायाची लांबी मोजतो, तेच माप येथे मुख्य आहे. ते असे घ्यावे :

(अ) अनवाणी भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहावे. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवावे.

(आ) पुठ्ठ्याच्या बांधणीचे जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरावे. त्याची एक कड भिंतीला टेकलेली असावी आणि पुठ्ठ्याची पाठ वर असावी. पुस्तक वर सरकवून, सीटवर बसताना जेवढा दाब येतो तेवढा येऊ द्यावा.

(इ) पुस्तकाची वरची कड भिंतीला जेथे लागते तेथे दुसऱ्याने पेन्सिलीने खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे.

(ई) असे तीनदा करून सरासरी काढावी. एकदाच घेतलेल्या मापात एक-दोन सेंटिमीटरची तफावत सहज पडते.

४. थोडे गणित

या आतल्या लांबीला ०.२२६ ने गुणले की डोंगरी फ्रेमचे माप इंचांत मिळते. आतली लांबी ७६ सेंटिमीटर असेल तर ७६ × ०.२२६ = १७.२, म्हणजे सतरा इंची फ्रेम. आतली लांबी ६८ असेल तर १५.४, म्हणजे पंधरा इंची.

मात्र हे उत्तर शेवटचे समजू नये. हा हिशेब उभी नळी व दांडी यांचे प्रमाण ठरावीक होते त्या काळातला आहे. आता दांड्या इतक्या उतरत्या झाल्या आहेत की एका कारखान्याचा ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘लार्ज’एवढा भरतो. तेव्हा गुणाकाराने मिळालेल्या मापाची सायकल फक्त पाहायला घ्यावी. घ्यायची की नाही हे पुढच्या परीक्षांवरून ठरवावे.

५. पायानंतर पाठ व हात

दोघे भाऊ समजा. दोघांची उंची १६८ सेंटिमीटर. एकाच्या पायाची आतली लांबी ७४, दुसऱ्याची ७९. म्हणजे पहिल्याचे धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. गणिताप्रमाणे पहिल्याला १६.७ व दुसऱ्याला १७.९ येते. पण लांब धडाच्या पहिल्या भावाला हँडल मात्र जरा लांबच हवे, नाहीतर वळताना त्याचे गुडघे हँडलला लागतील. लांब पायांच्या दुसऱ्याला तेच हँडल फार दूर पडेल आणि त्याची मान व कंबर धरेल.

म्हणून उभ्या नळीइतकीच सायकलची आडवी लांबी महत्त्वाची आहे. कारखानदार सायकलीबरोबर मापांचा तक्ता देतात. त्यात ‘रीच’ म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यावरून सरळ वर रेघ काढली तर तेथपासून हँडलच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर. ‘स्टॅक’ म्हणजे त्याच दोन ठिकाणांमधील उभे अंतर. रीच मोठी असली की माणूस पुढे ताणला जातो, स्टॅक मोठी असली की ताठ बसतो. दोन वेगळ्या कारखान्यांच्या सायकली ताडून पाहायच्या असतील तर स्मॉल-मीडियम या शब्दांपेक्षा हे दोन आकडे अधिक खरे बोलतात.

हँडल थोडे दूर किंवा जवळ पडत असेल तर ते धरून ठेवणारा छोटा आडवा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो बदलून एक-दोन सेंटिमीटरचा फरक करता येतो. याहून जास्त फरक लागत असेल तर फ्रेमच चुकली असे समजावे. हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे ढकलू नये. सीटची जागा पायडलच्या हिशेबाने ठरते, आणि ती बिघडली की गुडघे बिघडतात.

६. दुकानातील परीक्षा

ज्या बुटांनी सायकल चालवायची तेच बूट घालून जावे. मग ओळीने या चार गोष्टी कराव्या.

पहिली : सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे आणि पुढचे चाक वर उचलावे. अंगाला दांडी लागेपर्यंत चाक किती उठते ते पाहावे. जेमतेम इंचभर उठले तर सायकल परत द्यावी.

दुसरी : कोणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर आणला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच योग्य उंची. आकड्यातच हवी असेल तर आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणावे. ७६ सेंटिमीटरला साधारण ६७ येतात. हे अंतर पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या दिशेने मोजावे. रानातील तीव्र उतारावर मात्र सीट काही सेंटिमीटर खाली घ्यावी.

तिसरी : सीट अशी लावल्यावर तिच्या दांड्यावरील खूण पाहावी. कमीत कमी किती दांडा नळीच्या आत राहिला पाहिजे याची रेघ त्यावर कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसू लागली तर फ्रेम फार लहान आहे. तशीच चालवली तर दांडा किंवा नळी मोडते.

चौथी : थोडे अंतर चालवून पाहावे. कोपर किंचित वाकलेले असावे व खांदे कानाशी चढलेले नसावे. हँडल पूर्ण वळवले असता गुडघा लागू नये.

दोन मापांच्या मधोमध आलो तर काय करावे? दगडधोंड्यांच्या, वळणावळणाच्या वाटेवर जायचे असेल तर लहान माप घ्यावे, कारण लहान सायकलची सीट वर करता येते, पण मोठ्या सायकलची दांडी खाली करता येत नाही. शेताशेतांतल्या सपाट कच्च्या रस्त्याने लांब फिरायचे असेल आणि दांडी व अंग यांत पुरेशी जागा राहत असेल तर मोठे माप चालेल.

७. मुलांविषयी

लहान मुलांच्या सायकली फ्रेमवर नव्हे तर चाकावर मोजतात : १६, २० व २४ इंची. साधारण दीडशे सेंटिमीटर उंची झाल्यावर मूल मोठ्या माणसांच्या लहान फ्रेमला पोचते. नव्याने शिकणाऱ्या मुलाला सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. चालवता येणाऱ्याला चवडे टेकले तरी पुरे.

वाढीसाठी जागा ठेवायचीच तर ती सीटच्या दांड्यात ठेवावी. आज अंगाला बरोबर असलेली व सीट खाली लावलेली सायकल मूल वाढेल तशी वर करता येते. दर सहा महिन्यांनी सीट व ब्रेक तपासावे. ब्रेकच्या मुठीजवळ बहुधा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ हँडलजवळ येते आणि लहान बोटांना धरता येते. मूल सायकलला पुरून उरले की ती धाकट्या भावंडाला द्यावी किंवा विकावी. वापरलेली पण योग्य मापाची सायकल ही नव्या पण मोठ्या सायकलपेक्षा केव्हाही चांगली.

हेल्मेटचेही असेच आहे. इस्राएलात २००७ पासून त्याचा कायदा आहे. २०११ साली शहरात चालवणाऱ्या प्रौढांना सूट मिळाली, पण मुलांना नाही, आणि शहराबाहेर कोणालाच नाही. तेही वाढत्या अंगाचे घेऊ नये. डोक्यावर हलणारे हेल्मेट पडताना सरकते.

८. आणि आपल्याविषयी

साठी उलटलेल्या वाचकांनी हा पाठ फक्त नातवंडांसाठी आहे असे समजू नये. केरेन कायेमेतने लाहाव व यातीर यांसारख्या रानांत सायकलसाठी वाटा आखल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ सोप्या आहेत. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखले तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखले किंवा बसल्यावर कंबर डुलू लागली तर सीट उंच आहे. तळहातांना मुंग्या आल्या तर हँडल फार दूर किंवा फार खाली आहे. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी एकदा सायकलकडे पाहावे. दुखणे तरीही राहिले तर डॉक्टरकडे अवश्य जावे.

स्वाध्याय

१. आतली लांबी ७२ सेंटिमीटर असलेल्या मुलीला किती इंची डोंगरी फ्रेम पाहावी?

२. दुकानदार म्हणतो, “ही २९ आहे, मोठ्या माणसाची.” त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल?

३. सीट हवी तेवढी वर केली आणि दांड्यावरील रेघ बाहेर आली. यावरून काय समजावे?

उत्तरे : (१) ७२ × ०.२२६ = १६.३, म्हणून सोळा इंची. ती नसेल तर पंधरा व सतरा दोन्हींवर उभे राहून पाहावे. (२) फ्रेमचे माप किती? (३) फ्रेम लहान आहे, मोठी पाहावी.

ज्यांची तिन्ही उत्तरे बरोबर आली त्यांनी खुशाल दुकानात जावे. सायकल ज्याची, त्याला मात्र बरोबर न्यावे. दुरून अंदाजाने घेतलेले माप बहुधा चुकते.