विद्यार्थ्यांतील मलावरोध : शिक्षकाने ओळखावयाची चिन्हे



प्रार्थनेनंतर आपण मुलांची नखे, दात आणि केस नेमाने पाहतो. परंतु मुलास शौचास साफ होते किंवा नाही, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. विषय ओंगळ वाटतो, हे एक कारण; आणि ही आईने पाहावयाची बाब आहे अशी आपली समजूत, हे दुसरे. वास्तविक मूल आपले आपण शौचास जाऊ लागले की आईचे तिकडील लक्ष सुटते, आणि साधारण त्याच सुमारास ते पहिलीत आपल्या हाती येते. वरचे अन्न सुरू होणे, शौचाची सवय लावणे आणि शाळेत प्रवेश या तीन वेळी मलावरोध जडण्याचा संभव अधिक असतो. तिसरी वेळ आपल्या पदरात आहे.

रोज शौचास झाले नाही म्हणजे मलावरोध, ही समजूत बरोबर नाही. काही मुलांस दिवसातून दोनदा होते, काहींस एक दिवसाआड. मळ मऊ असेल व त्रास होत नसेल तर दोन्ही ठीकच. आठवड्यातून दोन वेळा किंवा त्याहूनही कमी वेळा शौचास होणे, मळ कठीण होऊन दुखणे, फार मोठा खडा पडणे, मूल वेग आवरून धरणे आणि नकळत चड्डीत मळ लागणे, यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी महिनाभर आढळल्या म्हणजे मलावरोध आहे असे वैद्यक धरतात. मळाच्या रूपावरूनही पुष्कळ कळते. ब्रिस्टल येथील वैद्यकांचा सात प्रकारांचा एक तक्ता १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पहिला प्रकार म्हणजे सुटे कठीण खडे, आपल्या भाषेत शेळीच्या लेंड्या. दुसरा त्याच गाठी एकत्र चिकटून झालेला. हे दोन मलावरोधाचे होत. ‘लेंड्यांसारखे होते का, केळ्यासारखे?’ असे विचारल्यास लहान मूलही न लाजता उत्तर देते.

या विषयात माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. माझ्या वर्गात दुसरीचा एक मुलगा होता. आठवड्यातून दोन-तीन वेळा त्याच्या चड्डीस घाण लागे व दुर्गंधी सुटे. मुले नाक धरीत. ‘वेळेवर विचारत का नाहीस?’ असे दरडावले की तो एकच सांगे, ‘मला कळलंच नाही, गुरुजी.’ मी ते खोटे धरले आणि त्यास दाराशी वेगळे बसविले. त्याच्या आईस वाटले, पोरास जुलाब होतात. तिने जुलाब थांबविण्याचे औषध चालू केले. पुढे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच डाव्या बाजूस खालच्या अंगाला मळाचा कठीण गोळा लागला. पोरगा खरे तेच सांगत होता!

असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. एकदा खडा होऊन दुखले की मूल पुढच्या खेपेस भीतीने वेग आवरते. आत राहिलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, तो अधिक कठीण होतो आणि पुन्हा दुखते. असे महिनोन् महिने चालले म्हणजे गुदाशय ताणला जाऊन त्याची जाणीव मंदावते. वेग आल्याचे मुलास कळतच नाही. वरून येणारा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपतो व चड्डीस लागतो. तो जुलाब नव्हे आणि खोडीही नव्हे. त्या मुलास कित्येक महिने औषध घ्यावे लागले. दाराशी बसविल्याचे मात्र तो विसरला असेल, असे मला वाटत नाही.

वर्गात दिसणारी चिन्हे निराळी असतात. मूल एकाएकी पाय आवळून ताठ उभे राहते, टाचा उचलते, एका पायावर दुसरा पाय चढविते, चेहरा लाल होतो. थोड्या वेळाने पुन्हा खेळू लागते. आपण समजतो त्यास शौचास लागली आहे. वस्तुतः ते मळ बाहेर न येऊ देण्याची खटपट करीत असते. बेंबीभोवती पोट दुखणे, शाळेच्या आहारात एरवी आवडणारी खिचडी टाकणे, वरचेवर लघवीस जावे लागणे किंवा कपडे ओले होणे, ही चिन्हेही दिसतात. भरलेल्या गुदाशयाचा दाब मूत्राशयावर पडतो, हे शेवटच्याचे कारण होय.

बहुतेक मुलांत यामागे आतड्याचा दुसरा रोग नसतो. परंतु पोट फुगून हिरवी उलटी होणे, ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा जन्मापासूनच हा त्रास असणे, यांपैकी काही असल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. मळास रक्त लागणे बहुधा गुदद्वाराच्या चिरेमुळे असते, तरी तेही दाखवावे. लोहाच्या गोळीने मळ काळपट होतो, त्याने घाबरू नये. मात्र गोळी सुरू झाल्यापासून खडा होत असल्यास तसे कळवावे. एरंडेल, साबणाची कांडी किंवा बस्ती हे उपाय शिक्षकाने सुचवू नयेत.

पालकांस एकांतात बोलवावे आणि प्रथम आपण काय पाहिले तेवढेच सांगावे. भाकरी, पालेभाजी, मोडाची कडधान्ये, पेरू व पुरेसे पाणी यांविषयी सांगता येईल. पण मूल अगोदरच भीत असेल तर नुसत्या पालेभाजीने भागत नाही, औषध लागतेच. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून घरी जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटे मुलास न रागावता बसवावे. घरी खुर्चीसारखा संडास असल्यास पायांखाली पाट द्यावा.

शाळेपुरते सांगावयाचे तर, ‘मधल्या सुट्टीपर्यंत थांब’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, ते एकदा मोजून पाहावे. पाणी नसलेल्या किंवा आतून कडी न लागणाऱ्या शौचालयात, विशेषतः मुली, दिवसभर जात नाहीत, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मुख्याध्यापकांनी या आठवड्यात प्रत्येक दाराची कडी स्वतः लावून पाहावी.