खाण एकीकडे, भट्टी दुसरीकडे

(बी. ए. भाग २, अर्थशास्त्र)

कोल्हापूर जिल्ह्याचे नाव निघाले की गूळ, चप्पल, कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढ्यावर आपले बोलणे संपते. या जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर ॲल्युमिनियमचा दगड आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. उलट लोखंडाची सांगण्यासारखी एकही खाण जिल्ह्यात चालत नसताना येथे लोखंड वितळवणाऱ्या तीनशेच्या आसपास ओतशाळा आहेत. ओतशाळा हा शब्द पुस्तकातला. आमच्या गडमुडशिंगीत लहानथोर सारे 'फौंड्री'च म्हणतात, म्हणून मीही यापुढे तोच शब्द वापरते.

ज्याची खाण आहे तो धातू येथे तयार होत नाही आणि जो धातू येथे रोज ओतला जातो त्याची खाण येथे नाही. हे असे का झाले असावे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आमच्या घरातली चूल या विषयावर पेटते, म्हणून तो मला रुक्ष वाटत नाही.

प्रथम डोंगराकडे वळू. सह्याद्री हा काळ्या बेसाल्ट खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्यावर पिढ्यानपिढ्यांचा नव्हे, युगायुगांचा पाऊस कोसळला. पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि मागे उरले ते लोह व ॲल्युमिनियम. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण पुष्कळ, तो दगड म्हणजे बॉक्साइट. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील उंच सड्यांवर तो सापडतो. दुर्गमानवाडी, धनगरवाडी, उदगिरी, कासारसडा ही त्यांतली काही नावे.

आमच्या भूगोल विभागाच्या सहलीत राधानगरी तालुक्यातील अशा एका सड्यावर जाण्याचा योग आला. वर झाड जवळजवळ नाही. तांबडा कातळ, त्याच्या खळग्यांत पाणी आणि पाण्याकडेला बोटभर उंचीची रानफुले. दगड हातात घेतला तर तांबूस-पिवळट, जागोजागी गोल ठिपके असलेला, आणि धातूचा आहे असे सांगूनही पटणार नाही इतका साधा. शेरडे राखणाऱ्या एका आजींना मी विचारले, "या दगडाचं काय करतात, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "नेत्यात बेळगावला. म्होरं काय करत्यात, कुणास ठावं." जन्मभर ट्रक जाताना पाहिलेल्या बाईंचे हे उत्तर मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

पुढे काय करतात ते असे. बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली तापवतात. ॲल्युमिनियमचा अंश द्रावणात उतरतो, लोहाचा तांबडा गाळ मागे राहतो. द्रावणातून पुढे पांढरी भुकटी मिळते, ती अल्युमिना. या भुकटीतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून धातू वेगळा करावा लागतो. ही विजेची रीत १८८६ साली निघाली आणि आजही मुळात तीच आहे. साधारण चार-पाच टन दगडातून दोन टन अल्युमिना व त्यातून एक टन धातू मिळतो. त्या एका टनासाठी सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते! सारी गोम येथे आहे. ॲल्युमिनियमचा कारखाना खाणीजवळ निघतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो विजेजवळ निघतो.

इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने, म्हणजे 'इंडाल'ने, १९७० च्या आगेमागे बेळगावी कारखाना सुरू केला आणि कोल्हापूरच्या सड्यांवरचा दगड तिकडे जाऊ लागला. तत्कालीन म्हैसूर राज्यात शरावतीची जलविद्युत नुकतीच हाती आली होती. पुढे विजेचे गणित तेथेही जमेना व धातू वितळवण्याचे काम बंद पडले. अल्युमिना करण्याचे काम मात्र चालू राहिले. आता तो कारखाना हिंडाल्कोकडे आहे.

महाराष्ट्रालाही अशी संधी आली होती. १९६५ साली भारत सरकारने 'बाल्को' ही कंपनी स्थापन केली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे दोन प्रकल्प होते : एक मध्य प्रदेशात (आता छत्तीसगडात) कोरबा येथे, दुसरा रत्नागिरीस. रत्नागिरीचा कारखाना कोयनेच्या विजेवर चालावयाचा होता. कोरबा उभे राहिले. रत्नागिरीस जमिनी घेतल्या गेल्या, कारखाना काही आला नाही. कोयनेची वीज मुंबई-पुण्याच्या गिरण्या-कारखान्यांना गेली. त्यात गैर झाले असे मी म्हणत नाही, पण हा कारखाना झाला असता तर त्या आजींच्या वाडीला दगडाचे पुढे काय होते हे कदाचित घाट उतरून पाहता आले असते.

दरम्यान सड्यांनाही दुसरे मोल आले. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ सालचे. पुढे त्याचा विस्तार राधानगरीपर्यंत झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत राधानगरीची नोंद झाली. ज्या कातळावर ती बोटभर फुले उगवतात तोच कातळ खणावयाचा, असा हा पेच आहे. माझे मत विचाराल तर धातू बाहेर न्यावयाचा आणि खड्डा मात्र येथे ठेवावयाचा, या व्यवहारासाठी फुले देऊ नयेत.

आता भट्टीकडे येऊ. हा भाग मी पुस्तकातून कमी आणि घरातून अधिक शिकले.

या भागात लोखंड ओतण्याची विद्या शेतीच्या पाठीवर बसून आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. पहिल्या महायुद्धात बाहेरचे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवावयास दिल्या अशी हकीकत सांगितली जाते. खाण नसली तरी मोड वितळवून धंदा चालतो, हा धडा तेव्हाच मिळाला म्हणावयाचा. इकडे १८९५ पासून शाहूपुरीत गुळाची पेठ वाढत होती. गुळाला ऊस, उसाला चरक, चरकाला लोखंडी लाटा. विहिरीला इंजिन आणि पंप. मोडलेला भाग पुण्या-मुंबईहून मागवेपर्यंत ऊस थांबत नाही. म्हणून येथल्या मिस्त्रींनी मोडका भाग पाहून तसाच ओतावयास सुरुवात केली. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर अशा लोकांचे आहे. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या. गोकुळ शिरगाव आमच्या गावापासून जवळच. पाळीच्या वेळी आमच्या रस्त्याला सायकली आणि मोटारसायकली यांची रांग लागते.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तेथील एका फौंड्रीत मोल्डर आहेत. सातवीत शाळा सुटली. त्यांच्या कामाचे वर्णन असे : लाकडी किंवा धातूचा नमुना, म्हणजे पॅटर्न, लोखंडी चौकटीत ठेवावयाचा. त्यावर वाळू ठासावयाची. वाळू नुसती नव्हे. तीत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि बेताचे पाणी. पॅटर्न काढून घेतला की पोकळी राहते. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर त्या पोकळीत वाळूचाच गाभा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. दोन्ही पेट्या जुळवल्या की वरून रस ओतावयाचा. ओलावा कमी पडला तर साचा ढासळतो, जास्त झाला तर वाफ कोंडून मालाला भोके पडतात. प्रयोगशाळेत हे यंत्रावर मोजतात. आण्णा मूठभर वाळू दाबून मूठ उघडतात, बोटांचे ठसे पाहतात, गोळा मोडून कड पाहतात आणि सांगतात. यंत्र आणि मूठ यांचे उत्तर फार वेळा एकच येते, असे तेथील सुपरवायझरच सांगतात. ही विद्या कोणत्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत दाखवावी?

पूर्वी सर्वत्र क्युपोला भट्ट्या होत्या. उंच नळकांडे, त्यात कोक, लोखंड, चुनखडी यांचे थर, खालून हवेचा झोत. सात-आठ भाग लोखंडाला एक भाग कोक. धूर इतका की वाळत घातलेले कपडे काळे होत, असे आई सांगते. आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. धूर कमी झाला, रसायन हातात आले, आणि इंजिनांचे ब्लॉक, ब्रेक ड्रम, पंपांची कवचे परदेशीही जाऊ लागली. उष्णता मात्र तीच. ओतताना रस चौदाशे अंशांच्या घरात असतो. आण्णांच्या डाव्या पावलावर एक चट्टा आहे. रसाचा थेंब बुटात गेला होता. त्या महिन्यात घरात उसनवारी झाली. त्याविषयी ते याहून अधिक बोलत नाहीत.

येथे वापरला जाणारा माल कोठून येतो ते पाहा. पिग आयर्न गोव्याकडून आणि कर्नाटकातून, कोक झारखंडच्या कोळशाचा, बेंटोनाइट कच्छचे, वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून घाट चढून, मोड पुण्याच्या मोटार कारखान्यांतून. कोल्हापूरचे त्यात काय? ठासणारे हात, ओतणारे हात, पॅटर्न करणारे डोळे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उद्योगाच्या स्थाननिश्चितीची कारणे सांगताना कच्चा माल पहिला येतो. आमच्या गावाशेजारी तो नियम उलटा वाचावा लागतो.

हे केवळ आमच्याकडेच घडले असे मात्र नाही. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा देश आहे. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्या दक्षिणेस 'मिनेट' नावाचे लोखंडी खनिज मुबलक, पण हलके आणि फॉस्फरसने बिघडलेले. १८७९ साली थॉमस आणि गिलख्रिस्ट यांची फॉस्फरस काढण्याची रीत आली आणि त्या टाकाऊ दगडाचे भाग्य उजळले. फॉस्फरसयुक्त मळीही वाया गेली नाही. दळून शेतात खत म्हणून पडली. कोक जर्मनीहून येई. मला विशेष वाटले ते पुढचे. तेथील सरकारने खाणींचे परवाने देताना दगड देशातच वितळवावा अशी अट घातली. एवढ्या एका अटीने भट्ट्या खाणीशेजारी उभ्या राहिल्या, त्यांभोवती गावे, शाळा आणि कारागीर. १९११ साली 'आर्बेड' ही मोठी पोलाद कंपनी झाली. १९५२ साली युरोपच्या कोळसा-पोलाद संघाचे कार्यालय त्याच चिमुकल्या देशात आले.

पुढे मिनेट परवडेना. शेवटची खाण १९८१ साली बंद झाली, शेवटची झोतभट्टी १९९७ साली विझली. पोलाद मात्र थांबले नाही. मोड वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या तोवर आल्या होत्या. खाण गेली तरी धातू राहिला, कारण शंभर वर्षांत तो लोकांच्या हातात मुरला होता. २००६ साली राजस्थानात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने तेथील कंपनी घेतली, आणि जगातील या मोठ्या पोलाद कंपनीचे मुख्य कार्यालय आजही लक्झेंबर्गमध्येच आहे. जेथे भट्ट्या होत्या त्या बेलव्हालला आता विद्यापीठ आहे. दोन विझलेल्या भट्ट्या पाडल्या नाहीत. त्यांच्या सावलीत मुले वर्गाला जातात.

आमच्या सड्यांवरचा दगड नेताना अशी अट कोणी घातली नाही. घातली असती तरी वीज कोठून आणली असती, हा प्रश्न उरतोच. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवावयास साधारण सहाशे युनिट लागतात. म्हणजे एक टन ॲल्युमिनियमच्या विजेत वीस टनांहून अधिक लोखंड वितळते. कोल्हापूरने लोखंड का धरले, याचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे. पण सहाशे युनिटही थोडे नव्हेत. २०१३ साली वीजदरवाढीमुळे येथील उद्योजकांनी शेजारच्या कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. कागलपलीकडे सीमा आहे. भट्टी उचलून नेणे अवघड असले तरी नवी भट्टी पलीकडे टाकणे अवघड नाही. कारखाना पलीकडे गेला तर मूठ दाबून वाळू ओळखणारे पन्नाशीतले मोल्डर किती जण तिकडे जातील?

मोल्डरांचाही प्रश्न आहेच. आता साच्यावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुले अधिक दिसतात. मेहनती आहेत, लवकर शिकतात. आमच्या गल्लीतील मुलांना मात्र वाळूत हात घालावयाचा नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनाही ते नको आहे. मला कॉलेजात पाठवताना आण्णांनीही हेच सांगितले होते. मी हा लेख वाचून दाखवला तेव्हा ते लक्झेंबर्गपाशी थांबले. म्हणाले, "तिथं मोल्डरला दिवसाला किती देत्यात गं?" मग वही मागून घेतली आणि कोअरचे वर्णन दोन ठिकाणी दुरुस्त करून दिले. ते दुरुस्त केलेलेच वर छापले आहे. रात्रपाळीला जाताना त्यांनी आणखी एक सांगितले : रस वाहून नेणाऱ्या लेडलला आतून जो लेप देतात त्यात अल्युमिना असतो, म्हणून तो एवढ्या आगीत टिकतो. पोत्यावर तसे छापलेले असते म्हणे.